लुकलुकणारी डबी

घरातली वीज गेली की आपण पहिल्यांदा काय करतो? खिडकीतून शेजारी डोकावतो. त्यांच्याकडेही अंधार असेल तर ‘लाइनच गेली’ म्हणून स्वस्थ बसतो. त्यांच्याकडे दिवे असतील तर आपल्या मेन स्विचकडे वळतो. वायरमनला बोलवायचं की नाही, हे ठरवायला आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. कुकरची शिट्टी होत नसेल तर रिंग बघायची, गॅस मंद झाला तर बर्नर बघायचा, तसंच हे.

पण हीच बाई एखाद्या पतसंस्थेत, शाळेच्या ऑफिसात किंवा बचत गटांच्या संघात कामाला बसली आणि तिथले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनासे झाले, की हात जोडून बसते. ‘माणूस येईल आणि बघेल.’ तो माणूस जिल्ह्याच्या गावाहून येणार, त्याच्या सवडीनं येणार. तोवर खेड्यावरून एस.टी.नं आलेल्या बायका बाकावर बसून राहणार आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परत जाणार. त्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. म्हणून आज मैत्रिणींनो, त्या कोपऱ्यातल्या डबीविषयी लिहिते आहे.

तुमच्या ऑफिसात भिंतीवर किंवा टेबलाखाली एक चपटी डबी नक्की असेल. तिला पाच, आठ किंवा सोळा चौकोनी भोकं, प्रत्येक भोकाशी एक लुकलुकणारा बारीक दिवा. सगळ्या कॉम्प्युटरच्या, प्रिंटरच्या वायरी तिथं येऊन मिळतात. आपल्याकडे तिला सर्रास ‘हब’ म्हणतात, पण आता बाजारात मिळतो तो ‘स्विच’. फरक समजून घेण्यासारखा आहे. हब म्हणजे चाळीच्या गॅलरीत उभं राहून मारलेली हाक. निरोप एकीचा, पण तो सगळ्यांना ऐकू जाणार. दोघी एकदम बोलल्या की दोघींचंही वाया, पुन्हा बोलायचं. स्विच मात्र कुठल्या भोकाला कोण जोडलेलं आहे हे लक्षात ठेवतो आणि जिचा निरोप तिलाच नेऊन देतो. त्यामुळे गर्दी कमी होते.

या तारांच्या जाळ्याला ‘इथरनेट’ म्हणतात. १९७३ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी त्याची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर ती प्रत्यक्षात आणली. तेव्हा एकच जाड केबल असायची आणि सगळे कॉम्प्युटर तिलाच जोडलेले. पुढे प्रत्येक कॉम्प्युटरची स्वतंत्र वायर मधल्या डबीत आणायची पद्धत आली. निरोप नेमक्या ठिकाणी पोचवणारा बहुभोकी इथरनेट स्विच १९९०च्या सुमारास बाजारात आणला तो अमेरिकेतल्याच एका कंपनीनं. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक होते भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज, आणि कंपनीला त्यांनी आपल्या पत्नीचं नाव दिलं होतं – ‘कल्पना’! १९९४ साली सिस्को या मोठ्या कंपनीनं ती विकत घेतली. पुढच्या वेळी त्या डबीवरची धूळ पुसाल तेव्हा हे नाव जरूर आठवा.

आता आमच्याकडे काय घडलं ते सांगते. मी आमच्या तालुक्यातल्या बचत गटांच्या संघाचं काम बघते. मार्च २०१९ मधली गोष्ट. वर्षअखेर, चार कॉम्प्युटर सुरू, हप्त्यांच्या नोंदी करून घ्यायला बायकांची रांग. दुपारी एकदम सगळं अडकलं. कुठलाच कॉम्प्युटर मुख्य कॉम्प्युटरवरचा हिशेब उघडेना. माणूस आला तिसऱ्या दिवशी. ‘कुणीतरी हात लावलाय. डबी गेली आता,’ असं म्हणून त्यानं नवी डबी बसवली, चालू कॉम्प्युटरच्या तेवढ्या वायरी लावल्या आणि बिल दिलं. काय झालं होतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘मॅडम, तुम्हाला नाही कळायचं ते.’

‘कुणीतरी हात लावलाय’ म्हटल्यावर बोटं कुणाकडे वळणार? झाडलोट करणाऱ्या मावशींकडे. बैठकीत एकदोघींनी त्यांना कमी करायचा विषयसुद्धा काढला. मावशी बिचाऱ्या म्हणत होत्या, ‘ताई, मी फक्त झाडलं हो.’

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी आमच्या हिशेबनीस ताईंनी माणसाला फोन करायच्या आधी डबीकडे बघितलं. एरवी एकेक दिवा आपापल्या लयीत लुकलुकतो. आता सगळे दिवे एकदम, पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. त्यांनी एकेक वायर काढायला सुरुवात केली. सातव्या भोकातली काढली आणि दिवे शांत झाले, कॉम्प्युटर चालू लागले. ती वायर हातानं चाचपत गेल्या, तर तिचं दुसरं टोक त्याच डबीच्या आठव्या भोकात! कधीकाळी पाचव्या कॉम्प्युटरसाठी आणलेली ती वायर एका टोकानं नुसतीच लोंबत असायची. मावशी म्हणाल्या, ‘पुसताना पायात यायची. रिकामं भोक दिसलं, म्हणून लावून टाकली.’ नीटनेटक्या बाईनं जे करावं तेच त्यांनी केलं होतं.

पण एका वायरीनं एवढा गोंधळ का व्हावा? हळदीकुंकवाचं बोलावणं धाडताना आपण म्हणतो, ‘सगळ्यांना सांगा.’ समजा शेजारणीनं ते सगळ्यांना सांगितलं, त्यात तुम्हालाही सांगितलं, आणि तुम्ही नवीनच निरोप समजून पुन्हा सगळ्यांना सांगायला निघालात. संध्याकाळपर्यंत गल्लीत दुसरं कुणाचं काही ऐकू येणार नाही. कॉम्प्युटरही अधूनमधून ‘सगळ्यांना सांगा’ असे निरोप धाडतात. दोन्ही टोकं एकाच डबीत गेली की तो निरोप सातव्यातून जातो, आठव्यातून परत येतो, पुन्हा सगळीकडे जातो. थांबवणारं कुणी नाही. याला ‘लूप’ म्हणतात. खऱ्या कामाच्या निरोपांना मग वाटच उरत नाही.

हा गुंता सोडवला तोही एका बाईनं. रेडिया पर्लमन तिचं नाव, जन्म १९५१. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत असताना १९८५ साली तिनं ‘स्पॅनिंग ट्री’ नावाचा नियम तयार केला. या नियमानं डब्या आपसात बोलून एकीला मूळ ठरवतात, बाकीच्या तिच्यापर्यंतची जवळची वाट धरतात आणि जास्तीच्या वाटा बंद ठेवतात. वापरातली वाट तुटली तर बंद ठेवलेली उघडायची. झाडावर एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत जायला एकच वाट असते ना, तसं. या नियमावर तिनं एक छोटी कविताही लिहिली. आणि गंमत म्हणजे लहानपणी वस्तू खोलून बघणाऱ्या मुलांपैकी आपण नव्हतो, असं तिनंच सांगितलेलं आहे. तेव्हा ‘मला यातलं काही कळत नाही’ म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी धीर धरायला हरकत नाही.

मात्र स्वस्तातल्या साध्या डब्यांमध्ये हा नियम बहुधा नसतो. आमच्या दोन्ही डब्यांत नव्हता. मग चूक मावशींची कशी? लोंबती वायर तशीच सोडून गेलेल्याची आणि विचारलं तर न सांगणाऱ्याची ती जबाबदारी. मी पुढच्या बैठकीत हे स्पष्ट बोलले. मावशी कामावर राहिल्या, आणि त्याच बैठकीत ठरलं की ही डबी यापुढे आपण सांभाळायची.

त्या मे महिन्यात आम्ही वायरिंग नव्यानं करून घेतलं. प्रत्येक टप्प्याला आमच्यातल्या दोघी शेजारी उभ्या राहिल्या. त्यातून शिकलेलं सांगते.

केबलवर ‘कॅट ५ ई’ किंवा ‘कॅट ६’ असं छापलेलं असतं, ते बघून घ्या. आतली तार अस्सल तांब्याची हवी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही मिळते. टोक ब्लेडनं खरवडलं की आतला पांढरेपणा दिसतो. डबीपासून कॉम्प्युटरपर्यंतची लांबी १०० मीटरच्या आत हवी. केबलमध्ये आठ बारीक तारा दोन-दोनच्या पिळात असतात. बाहेरचा विजेचा त्रास कमी व्हावा म्हणून तो पीळ, त्यामुळे टोकाशी तो गरजेपेक्षा जास्त उलगडू देऊ नये. पिन बसवताना रंगांचा क्रम ठरलेला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. रांगोळीच्या ठिपक्यांसारखा तो आमच्या मुलींना पाठ झाला आहे.

विजेच्या वायरी आणि ही केबल एका पट्टीतून नेऊ नयेत. केबल पट्टीत बंद असली तर पायात येत नाही आणि उंदरापासूनही वाचते. डबी पाणी येईल अशा खिडकीखाली नको, बंद कपाटात कोंडूनही नको, तिला हवा लागते. डबीला यू.पी.एस.चा आधार द्या. आणि विजेचा बोर्ड उघडायचा असेल तर मात्र वायरमनच बोलवा, तिथं धाडस नको.

सगळ्यात उपयोगी पडली ती चिठ्ठी. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच आकडा चिकटवला, लोणच्याच्या बरण्यांवर लावतो तसा. डबीशेजारी पुठ्ठ्यावर नकाशा लावला: १ हिशेबनीस, २ कर्ज विभाग, ३ प्रिंटर, ४ मुख्य कॉम्प्युटर. बिनकामाची वायर काढून टाकली. डबीही लूप ओळखून वाट बंद करणारी घेतली. दुकानात ‘स्पॅनिंग ट्री’ किंवा ‘लूप प्रिव्हेन्शन’ आहे का, असं विचारायचं. यातल्या ज्या डब्यांना ‘मॅनेज्ड’ म्हणतात, त्यांची माहिती कॉम्प्युटरवर उघडते: कुठल्या भोकातून किती काम झालं, कुठे निरोप बिघडताहेत. मात्र तिचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. सगळ्यांचं कुलूप एकाच किल्लीनं उघडत असेल तर ते कुलूप कसलं?

आता रोजची देखरेख. सकाळी दिवाबत्ती केल्यावर आमच्यापैकी जिची पाळी असेल ती डबीसमोर दोन मिनिटं उभी राहते. दिवा लागलेला म्हणजे जोडणी आहे. लुकलुकतोय म्हणजे बोलणं चालू आहे. दिवाच नाही, तर कॉम्प्युटर बंद, वायर तुटलेली किंवा पिन सैल. सगळेच दिवे विझलेले, तर डबीची वीज किंवा अ‍ॅडॅप्टर. सगळे एकदम पिसाटलेले, तर लूप.

मग ‘पिंग’. कॉम्प्युटरवर ‘सीएमडी’ची काळी खिडकी उघडून ‘पिंग’ हा शब्द इंग्रजीत लिहायचा, जागा सोडून मुख्य कॉम्प्युटरचा आकड्यातला पत्ता लिहायचा. म्हणजे त्या कॉम्प्युटरला ‘आहेस का?’ असं विचारणं. विंडोजमध्ये चार वेळा विचारलं जातं. चारही उत्तरं आली पाहिजेत, आणि ऑफिसातल्या ऑफिसात ती साधारण एका मिलिसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत येतात. उत्तरं गळायला लागली की काम बंद पडायच्या आधीच आपल्याला कळतं. त्याची नोंद वहीत: तारीख, कुठलं भोक, काय दिसलं, काय केलं, कुणी केलं.

बिघाड झालाच, तर शेजारी डोकावण्याची आपली जुनी रीत इथंही चालते. एकच कॉम्प्युटर बंद असेल तर त्याची वायर दुसऱ्या भोकात लावून बघा. चालला तर भोक खराब, नाहीतर वायर बदलून बघा. सगळेच बंद असतील तर डबी बघा. कॉम्प्युटर एकमेकांशी बोलताहेत पण इंटरनेट नाही, तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा किंवा राउटरचा. तिथं आपल्या वायरी ओढून काही होणार नाही, लाइन देणाऱ्या कंपनीला फोन करायचा. कुणाला फोन करायचा एवढं नक्की कळलं तरी दोन दिवस वाचतात.

२०१९ नंतर आमच्याकडे काहीच बिघडलं नाही असं नाही. पिन सैल झाली, एकदा अ‍ॅडॅप्टर जळला, एका पावसाळ्यात इंटरनेट चार दिवस नव्हतं. पण ऑफिसातले हिशेब तारेवरून चालू राहिले आणि कुणाला नोंदीविना परत जावं लागलं नाही. माणूस अजूनही येतो, पण आता त्याला वहीतली नोंद दाखवून आम्ही विचारतो, ‘तीन नंबरचा दिवा दिवसातून दोनदा जातो, पिन बदलायची का वायर?’ तोही नीट उत्तर देतो. बिल देताना कशाचे पैसे देतोय ते आम्हाला माहीत असतं.

मावशी आता नकाशा बघून पुसतात. वाचता फारसं येत नाही, पण आकडे ओळखतात. गेल्या महिन्यात त्यांनीच येऊन सांगितलं, ‘ताई, दोन नंबरचा दिवा विझलाय.’ वहीत त्या दिवशीच्या नोंदीपुढे ‘कुणी पाहिलं’ या रकान्यात त्यांचं नाव लिहिलेलं आहे.

उद्या ऑफिसात गेलात की पर्स टेबलावर ठेवायच्या आधी तुमची डबी शोधा. भोकं मोजा, दिवे बघा आणि एका कोऱ्या कागदावर कुठली वायर कुणाची ते लिहायला घ्या.