समाजवाद संपला, मग कारखाना कोणाचा झाला? टांझानिया ते करमाळा

करमाळ्यात आदिनाथ सहकारी साखर कारखाना खासगी कंपनीला भाड्याने द्यायचा की सभासदांनीच चालवायचा, यावरून मोठा वाद झाला. आफ्रिकेतल्या टांझानियातही समाजवाद सोडताना साखर कारखान्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. तिथे तो वेगळ्या पद्धतीने सुटला.

टांझानियात काय घडलं?

१९६७ मध्ये अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी अरुशा जाहीरनामा आणला. बँका आणि मोठे उद्योग सरकारचे झाले. लाखो लोकांना 'उजामा' गावांत हलवलं, अनेकदा जबरदस्तीने. १९७६ मध्ये तर शेतकऱ्यांचे सहकारी संघही सरकारने बरखास्त केले.

पुढे तेल महागलं, युगांडाशी युद्ध झालं, सरकारी उद्योग तोट्यात गेले. १९८५ मध्ये न्येरेरे पायउतार झाले. १९८६ मध्ये नव्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला आणि बाजार खुला होऊ लागला. १९९२ मध्ये इतर पक्षांना परवानगी मिळाली, पण सत्ता त्याच जुन्या पक्षाकडे राहिली.

१९९८ मध्ये काय झालं?

टांझानियाने किलोम्बेरो साखर कारखान्याचा मोठा हिस्सा परदेशी कंपन्यांना विकला. सरकारकडे २५ टक्के उरला. आसपासचे ऊस उत्पादक मालक झाले नाहीत, पुरवठादारच राहिले.

योगायोगाने त्याच वर्षी भारताने साखर कारखान्यांसाठीची परवाना पद्धत रद्द केली. त्यानंतर महाराष्ट्रात खासगी कारखाने वाढत गेले.

मग फरक कुठे आहे?

आपल्याकडचे सहकारी कारखाने सरकारचे नव्हते. सरकारने भागभांडवल आणि कर्जाला हमी दिली, पण मालक सभासदच. शेअर कितीही असोत, मत एकच. संचालक मंडळ बदलायची ताकद त्या मतात असते. खासगी कारखान्यात शेतकऱ्याला हे मत नसतं.

उसाची एफआरपी दोन्हीकडे बंधनकारक आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचा नियमही दोघांना सारखाच. पण बिल थकलं तर सहकारी कारखान्याचा सभासद वार्षिक सभेत जाब विचारू शकतो, निवडणुकीत मंडळ पाडू शकतो. खासगी कारखान्याच्या शेतकऱ्याकडे पुढच्या वर्षी ऊस दुसरीकडे घालणं, साखर आयुक्तांकडे तक्रार करणं किंवा आंदोलन करणं एवढेच मार्ग उरतात.

मत असलं की झालं?

नाही. कर्ज थकलं की बँक कारखान्याचा ताबा घेऊ शकते. तो भाड्याने जातो किंवा लिलावात निघतो. तेव्हा सभासदाचं मत कागदावर राहतं.

टांझानियात सहकारी संघ सरकारी आदेशाने संपले. महाराष्ट्रात असा आदेश कधी निघाला नाही. इथले अनेक कारखाने ताळेबंदातून गेले. म्हणून वार्षिक सभेच्या अहवालातलं कर्जाचं पान सभासदाने आधी वाचायला हवं.