सळईतला कोबाल्ट

आमच्या अंकुशनगरात घराचं काम निघालं की सळई बहुधा जालन्याची. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळतं, म्हणून भंगारातून सळईत शिरणाऱ्या किरणोत्सर्गाचा विषय आपल्यालाही माहीत हवा.

2008 साली फ्रान्समध्ये लिफ्टची बटणं किरणोत्सर्गी निघाली. पोलादाचा माग लागला थेट आपल्या खोपोलीपर्यंत! भंगारात कोबाल्ट-60 हा किरणोत्सर्गी धातू मिसळला होता. त्याची किरणं डोळ्यांना दिसत नाहीत, तो भट्टीत जळून नष्टही होत नाही. पोलादात एकजीव होतो. सव्वापाच वर्षांत जेमतेम निम्मा उरतो.

अशा सळईच्या घरात वर्षानुवर्षं राहिलं तर? तैवानमध्ये तेच घडलं. 1982 ते 84 दरम्यानच्या इमारती, उलगडा 1992 मध्ये. तोवर हजारो लोक त्यांत राहून गेले. पुढच्या अभ्यासांत किरणांचा डोस वाढला तसा ल्युकेमियाचा धोकाही वाढलेला दिसला. 2004 मध्ये एका लेखाने उलटाच दावा केला, किरणांमुळे म्हणे कर्करोग कमी होतो! रहिवासी बरेचसे तरुण होते, म्हणजे कर्करोग मुळातच कमी असणार, हे त्यात नीट धरलंच नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तो लेख अजून फिरला तर नवल नाही.

उपाय साधा आहे: भंगाराचा ट्रक कारखान्याच्या फाटकातच किरणमापकाखालून न्यायचा.