नाताळची मेजवानी आणि शेजाऱ्याचे ताट

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला की गोमंतकातील ख्रिस्ती घरांत दोन तयारींना आरंभ होतो. एक अंतःकरणाची आणि दुसरी स्वयंपाकघराची. पहिलीविषयी धर्मगुरू प्रवचनातून सांगतातच. दुसरीचा भार मात्र बहुधा एकट्या गृहमातेवर पडतो. २४ डिसेंबरच्या रात्री सारे कुटुंब नवी वस्त्रे लेवून मध्यरात्रीच्या मिस्सेला निघावे, आणि जिने सर्वांसाठी रांधले तीच चुलीपुढे अडकून राहावी, असे किती घरी घडते! भगिनींनो, सणाचा स्वयंपाक असा योजावा की ती माताही शांत चित्ताने चर्चमध्ये पोहोचेल. कोणता पदार्थ किती दिवस टिकतो हे ध्यानी घेऊन कामे मागेपुढे लावली, तर हे कठीण नाही.

प्रथम कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि पाहुण्यांच्याही आधी कोंसुआदची ताटे मोजावीत. नाताळात शेजारीपाजारी मिठाईचे ताट पाठविण्याची ही गोमंतकातील जुनी चाल. ज्या घरी दुखवटा आहे तेथे त्या वर्षी मिठाई करीत नाहीत. तेथले ताट तर विसरताच कामा नये. चतुर्थीला ज्यांच्या घरून नेवऱ्या येतात त्या हिंदू शेजाऱ्यांचेही ताट याच यादीत. त्यांच्यापैकी कोणी अंडे खात नसतील, तर त्यांच्यासाठी नेवऱ्या व दोदोल काढावेत आणि नेवऱ्या स्वच्छ कढईत ताज्या तेलात तळाव्यात. बेबिंका त्या ताटात घालू नये. ही यादी झाल्यावर घरची व पाहुण्यांची माणसे मोजावीत आणि मग हातातील पैसा पाहून पदार्थ ठरवावेत. सणासाठी कर्ज काढण्यापेक्षा एक पदार्थ कमी झालेला बरा.

दोन आठवडे आधी कोरडे तळण करावे. कुलकुलाची कणीक मळून झाली की मुलांना भोवती बसवावे; नव्या, स्वच्छ फणीवर गोळी दाबून वळविण्याचे काम त्यांच्यासारखे कोणी करीत नाही. तळलेले कुलकुल पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. ऊन असताना भरले तर वाफ धरून मऊ पडतात. ओल्या नारळाच्या सारणाच्या नेवऱ्या मात्र लवकर खराब होतात, म्हणून त्या अखेरच्या दोन दिवसांत कराव्यात.

आठवडाभर आधी दोदोल. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ मंद आचेवर घोटत राहावे लागते. मिश्रण भांड्याची कड सोडू लागून तेल सुटेपर्यंत हात थांबविता येत नाही. हे काम घरच्या पुरुषांनी पाळीपाळीने करावे. नारळ खवण्यासही त्यांनी बसावे. त्यात कमीपणा काही नाही.

त्यानंतर तीनचार दिवसांनी बेबिंका. १० अंड्यांचे पिवळे बलक, २ नारळांचे घट्ट दूध, अर्धा किलो साखर, सुमारे २०० ग्रॅम मैदा आणि चवीपुरते जायफळ, असे एक प्रमाण आहे. भांड्यात तूप घालून एक थर ओतावा, वरून निखाऱ्याची आच देऊन तो तांबूस भाजावा, मगच पुन्हा तूप लावून दुसरा. घाई केली की थर एकमेकांत मिसळतात, म्हणून त्या दिवशी दुसरे मोठे काम काढू नये. उरलेले पांढरे बलक टाकून न देता कांदा-मिरची घालून त्यांची पोळी करावी.

सोरपोतेल २२ तारखेलाच रांधावे. १ किलो डुकराचे मांस व पाव किलो काळीज उकडून बारीक चिरावे, त्याच्याच चरबीत परतावे आणि लाल मिरची, मिरी, जिरे, हळद, दालचिनी, लवंग, आले व लसूण माडाच्या सिरक्यात वाटून केलेला मसाला घालून शिजवावे. सिरका मुरत जाईल तशी चव वाढते. मात्र शीतकपाट असल्यास निवलेले मांस त्यातच ठेवावे, आणि नसल्यास रोज सकाळ-संध्याकाळ खळखळून उकळी द्यावी.

२४ तारखेला उरतात त्या सान्ना. तांदूळ आदल्या रात्री भिजवून सकाळी नारळासह वाटावेत, माडाची सूर घालून फुगू द्यावेत आणि दुपारनंतर वाफवावेत. रेंदेर आता थोडे उरले, सूर दुर्मिळ झाली. बेळगाव-खानापूरकडे वा आणखी दूर राहणाऱ्यांना ती मिळणे तर अधिकच कठीण. तेथे नारळाचे पाणी आणि चिमूटभर यीस्ट यांवर काम भागते.

संध्याकाळी मुलांच्या हाती ताटे देऊन त्यांना घरोघरी धाडावे. दुखवट्याच्या घरी मात्र वडील माणसाने स्वतः जावे आणि घटकाभर बसावे. मग चूल विझवावी. २५ तारखेच्या दुपारसाठी मांस ऊन करणे व भात शिजविणे एवढेच उरलेले असेल, आणि त्या रात्री गव्हाणीपुढे गुडघे टेकताना गृहमातेच्या मनात चुलीवरच्या भांड्याची चिंता नसेल.