रंग उतरवायचा कधी?

नोकरदाराच्या घरी निवृत्तीची तारीख कित्येक वर्षं आधी ठाऊक असते. हार-तुरे, शाल-श्रीफळ, साहेबांचं भाषण, मग फंडाचे पैसे कुठं ठेवायचे याची खलबतं. 'हे' दिवसभर घरी बसले की काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको! पण नटाला ही तारीख कोण सांगणार? थांबायचं केव्हा, ते त्याचं त्यानंच ठरवायचं, आणि नेमकं तेच जमत नाही.

बालगंधर्वांचंच पाहा ना. 1888 साली जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस 1905 मध्ये, ऐन सतराव्या वर्षी, स्त्रीभूमिका करू लागले. त्यांचं पाहून आपल्या आज्या-पणज्या लुगडं नेसत, गजरा माळत. पुरुषाचं पाहून बायकांनी नटावं, आहे की नाही गंमत? पण काळ थांबत नाही. बोलपट आले. 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात बायकांची कामं बायकांनीच केली. बालगंधर्व तेव्हा पंचेचाळिशीत होते आणि डोक्यावर कर्ज होतं. रंगमंचावर खरे भरजरी शालू, खरं अत्तर. हात आखडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. 1935 साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते संत एकनाथ झाले, पण पुरुषवेषातले बालगंधर्व लोकांच्या मनात भरेनात. मग पुन्हा नाटक, पुन्हा शालू. साठी उलटली तरी 'एकच प्याला'तली सिंधू सुटली नाही.

हौस फिटली नाही, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याला सतराव्या वर्षापासून एकच विद्या येते, त्यानं साठीत दुसरं करायचं तरी काय? आणि गाणं ऐकायला माणसं येतच होती. 1964 मध्ये पद्मभूषण मिळालं, 1967 मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर उभं राहिलं.

बाईची गोष्ट आणखी निराळी. नायक पन्नाशीतही नायक असतो, नायिकेला मात्र पडदाच आधी निवृत्त करतो. 1939 च्या 'माणूस'मधली मैना म्हणजे शांता हुबळीकर. त्यांचं गाणं घरोघरी गुणगुणलं जाई, पण उतारवय त्यांनी वृद्धाश्रमात काढलं.

दुर्गाबाई खोट्यांना हे साधलं. 'अयोध्येचा राजा'ची ही तारामती वय वाढलं तशी आईच्या, सासूच्या भूमिकांकडे वळली. 1974 च्या 'बिदाई'साठी फिल्मफेअर पारितोषिकही मिळवलं. शिवाय त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली होती, म्हणजे कॅमेऱ्यासमोरून उठल्या तरी हाताला काम होतं. शेवटची वर्षं अलिबागला काढली. अर्थात घरचं पाठबळ, शिक्षण त्यांच्यापाशी होतं, हेही खरं. तमाशाच्या फडावर नाचणाऱ्या बाईनं कसली संस्था काढायची?

तुमच्या गावात, आळीत अशी एखादी आजी असेल. जुन्या नाटकमंडळीतली किंवा फडातली. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देतं. अर्जासोबत कला सादर केल्याचे पुरावे लागतात. तेव्हा तिच्या ट्रंकेच्या तळाशी पडलेल्या जाहिराती, फोटो, कात्रणं रद्दीत जाऊ देऊ नका. आणि अर्ज तिला लिहिता येत नसेल, तर दुपारी जरा जाऊन बसा तिच्यापाशी.