ओवीचा सूर ढळू नये म्हणून

मावळात गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातं कोपऱ्यात गेलं. ओव्या मात्र अजून काही आजींच्या ओठांवर आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या ओव्या लाखाच्या वर गेल्या. त्यांत मावळ-मुळशीच्या बायांचा वाटा मोठा. त्यांतल्या कित्येकींचं ध्वनिमुद्रण बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात केलं, म्हणून ते आवाज आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. आता लोणावळा, कामशेत, पवन मावळात आपल्यातली कुणी आजीसमोर माइक धरते, तेव्हा तीच जबाबदारी आपल्यावर येते. आजी पुन्हा तशीच गाईल याचा भरवसा नसतो.

माइक आणि संगणक यांच्या मधली डबी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. ती आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजते. किती वेळा, तो सॅम्पल रेट. सीडीसाठी ४४,१०० आणि व्हिडिओसाठी ४८,००० असा रिवाज आहे. माणसाचा कान सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो आणि मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त लागते. म्हणून दोन्ही आकडे पुरतात. ९६,००० ठेवलं तर फाइल दुप्पट होते, गाणं दुप्पट गोड होत नाही.

घोटाळा होतो तो आकडे न जुळल्याने. ४८,००० ने टिपलेली फाइल ४४,१०० ची समजून वाजवली, तर दहा मिनिटांचं गाणं १० मिनिटं ५३ सेकंद चालतं आणि सूर पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून सुमारे दीड पट्टी खाली उतरतो. आजीला न ओळखणाऱ्याला वाटेल, हिचा गळाच जड होता.

दुसरी गोष्ट घड्याळाची, म्हणजे क्लॉकची. ही मोजणी कुणाच्या ठेक्यावर करायची, ते क्लॉक ठरवतं. जात्याचा खुंटा दोघींनी धरला, की एकीने ओढ द्यायची आणि दुसरीने साथ. दोघी आपापल्या ठेक्याने ओढू लागल्या तर जातं अडखळतं. डिजिटल केबलने दोन यंत्रं जोडली की तसंच: एकाचं क्लॉक ‘इंटर्नल’, दुसरं त्याच्यामागे चालणारं, म्हणजे ‘एक्स्टर्नल’. नाहीतर आवाजात टकटक येते, आणि ती नंतर काढणं फार कठीण. एकच इंटरफेस आणि साधा माइक असेल, तर ‘इंटर्नल’च ठेवा.

आता हाताने करायचं ते असं. इंटरफेसचं सेटिंग, संगणकाचं साउंड सेटिंग आणि ऑडॅसिटीतला प्रोजेक्ट रेट, तिन्हीकडे ४८,००० लिहा. बिट २४ ठेवा. एका माइकचं तासभराचं मुद्रण सुमारे ५१८ एमबी होईल. मग घड्याळ लावून एक मिनिट बोला आणि फाइल मोबाइलवर वाजवा. साठ सेकंद भरले आणि आवाज आपला वाटला, की आजीला हाक मारा.

केंद्राला ४४,१०० हवं असेल तर शेवटी, मूळ फाइलच्या प्रतीवर ‘रीसॅम्पल’ करा. ट्रॅकच्या मेनूतला ‘रेट’ बदलू नका. तो मोजणी तीच ठेवून फक्त चाल बदलतो. मात्र कुणाकडे आधीच अशी खाली उतरलेली फाइल असेल, तर त्याच ‘रेट’मध्ये खरा आकडा घाला. आजीचा सूर जागेवर येईल.