‘हिंदू’ नावाचा क्रिकेट संघ

करी रोडच्या चाळीत क्रिकेटच्या गप्पा निघाल्या की सी. के. नायडू, विजय मर्चंट ही नावे यायची. पालवणकर बाळू हे नाव मी फार उशिरा ऐकले, आणि तेही निवडणुकीच्या संदर्भात! म्हणून 1946 साली इतिहासजमा झालेल्या ‘हिंदू’ संघाकडे आपल्या बाजूने पाहणे मला अगत्याचे वाटते.

मुंबईचे हे सामने जमातवार होत. 1907 पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू. 1912 ला मुसलमान आले, 1937 ला ‘इतर’ मिळून सामने पंचरंगी झाले. देवळाबाहेर ठेवलेल्या चांभाराचा डावा हात या संघाला लागला. बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना 4 रुपयांवर मैदानाची निगा राखीत. साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट हाती मिळायची नाही. पुढे तिथल्या हिंदू क्लबाने त्यांना खेळायला घेतले. सवर्ण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू झेलीत, पण चहाच्या वेळी बाळू बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यासह. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे, हे कोणते शास्त्र?

1906 साली हिंदूंनी युरोपियनांना हरविले, त्यात बाळू आणि धाकटे बंधू शिवराम दोघेही होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले. तरी कप्तानपद नाही. बळी घेणे ही चाकरी. कप्तानपद म्हणजे सवर्णांना हुकूम देणे. 1920 ला तर बाळूंना वगळले आणि विठ्ठल यांना डावलून देवधरांना कप्तान केले. विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. आपल्या चळवळीच्या इतिहासात या नकाराची नोंद व्हायला हवी. अखेर तडजोड झाली आणि अंतिम सामन्यात बाळू उपकप्तान झाले. 1923 ला विठ्ठल कप्तान झाले, आणि संघ जिंकला.

बाळू पुढे राजकारणात आले. 1932 च्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे, तशीच बाळूंचीही. पण 1937 साली मुंबई विधानसभेसाठी भायखळा-परळच्या आपल्या गिरणगावात काँग्रेसने बाबासाहेबांसमोर बाळूंनाच उभे केले. आयुष्यभर ज्यांना कप्तानपद नाकारले, त्यांचे नाव आता मतांसाठी पुढे करण्यात आले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. अवघे 2,020 चे अंतर. चाळीतल्या कितीतरी लोकांना मत देताना जड गेले असणार.