झिजलेल्या नाण्याची साक्ष

वाकड परिसरातील शेतजमिनींवर गेल्या काही दशकांत मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. अशा उकरलेल्या मातीत धातुशोधक यंत्र फिरविताना एखादी झिजलेली चकती हाती लागली, तर ती सातवाहनकालीन, किंबहुना बौद्धच असावी असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. कारण येथून मुंबईच्या वाटेवरच बेडसे, भाजे व कार्ले येथील लेणी आहेत. परंतु इच्छा म्हणजे पुरावा नव्हे.

प्रथम धातू, वजन व व्यास नोंदवावा. तांब्याचे जाड, ओबडधोबड नाणे शिवराई असण्याचा संभव मोठा. तिरप्या प्रकाशात ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ यांतील एखादे अक्षर दिसू शकते. सुमारे २ ग्रॅमचे चांदीचे नाणे असून त्यावर एका बाजूस राजाचे मस्तक व दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र दिसल्यास क्षहरात क्षत्रप नहपानाचा विचार करावा.

अस्पष्टता हाही कधी पुरावाच असतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने तीन कमानींचे चिन्ह व उज्जैन चिन्ह पुन्हा ठोकलेले होते. त्या गोंधळलेल्या ठशांतूनच एका राजाने दुसऱ्याची सत्ता संपविल्याचे सिद्ध झाले.

या तीन कमानींस कोणी चैत्य म्हणतात, कोणी पर्वत. केवळ त्या चिन्हावरून राजास बौद्ध ठरविणे योग्य नाही. बौद्ध संघाशी असलेला संबंध शिलालेख अधिक स्पष्टपणे सांगतात. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यातील भिक्खूंसाठी ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी २,००० कार्षापणांच्या व्याजातून २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळत. कार्ल्याच्या संघासही त्याने गाव दान दिले.

म्हणून आमची विनंती अशी : नाणे चिंच, लिंबू वा आम्लाने घासू नये, उरलेली अक्षरे त्याने नष्ट होतात. सापडल्याची जागा व खोली लिहून ठेवावी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. संरक्षित लेण्यांच्या आवारात तर उत्खनन करूच नये. जागेची नोंद हरवलेले नाणे अर्धे मुके होते. आपला इतिहास आधीच पुष्कळ मुका केला गेला आहे.